चालू आहे का

मानवतच्या उपकेंद्रात बारा वर्षं
मी एकच स्वर ऐकत आलो.
रोहित्राचा. त्याला आरोह नाही, अवरोह नाही,
जेवणाची सुट्टी नाही.
घरी येऊन उशीवर डोकं टेकलं
तरी कानाच्या तळाशी तो असतोच.

म्हणून ताहेरभाईंना आधीच सांगितलं,
रंग दाखवू नका, कंपनी सांगू नका.
मला न घोंघावणारी पाहिजे.
आणि मान हाताला लागणारी.

दुकान परभणीत, नानलपेठेच्या अलीकडं.
वर बँडवाल्यांचे ताशे, खाली पेट्यांचे भाते
आणि भिंतीला पाच गिटारी,
पुण्याहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारख्या
एकीकडं, गप्प.

पहिलीची मान कुदळीच्या दांड्याएवढी.
माझं डाव्या हाताचं पहिलं बोट
आयसोलेटरच्या दांड्याखाली सापडलेलं, चौदा साली.
तेव्हापासून ते अर्धंच वाकतं,
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं उशिरा येतं.
दुसरीच्या पट्ट्यांची टोकं कडेला बाहेर,
बोट सरकवलं की उसाच्या पाचटासारखी कापायची.
"घासून देतो," ताहेरभाई म्हणाले.
मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या."

तिसरी बरी होती. दिसायला तर फारच.
प्लग लावला आणि
आलं, तेच आलं.
उपकेंद्र माझ्या मागं बसनं आलं होतं.
तारांवर तळहात ठेवला, कमी झालं.
उचलला, पुन्हा.
म्हणजे अर्थिंग मीच होतो.
तिला घेऊन जागेवर फिरलो,
पूर्वेकडं जास्त, स्टेशनकडं तोंड केलं की थोडं कमी.
"वरची ट्यूब बंद करा एकदा."
दुकानातला पोऱ्या हसायला लागला,
"वाजवायलेत का गिटारीला मीटर बसवायलेत?"

"घरी कोणत्या दिशेला बसता?"
ताहेरभाईंनी विचारलं. खरंच विचारलं.

तेवढ्यात लाइट गेली.
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.
आज सुट्टीवर आहे, हे सांगण्यात अर्थ नसतो.
खिशात फोन. रामपुरीहून कुणीतरी,
"सायेब, कवा येणार?"

अंधारात हातात काहीतरी आलं.
"ही बघा. तीन वर्षं पडून आहे."

मान.
ती हातात बसली असं म्हणता येणार नाही,
हातच तिथं आधीपासून होता.
ना चपटी ना गोल, लाखेची चकाकी नाही,
अंगठा कुठं चिकटत नाही,
वापरून मऊ झालेल्या विळ्याच्या मुठीसारखी.
माझं अर्धं बोट न सांगता पाचव्या पट्टीवर गेलं
आणि बसलं.
विजेवाचून तार जेवढी वाजते तेवढीच वाजली,
पातेल्याच्या काठावर माशी बसावी एवढी.
मी वाजवत राहिलो. फोनही वाजत राहिला.

वीस मिनिटांनी लाइट आली
तेव्हा कळलं, ती पोपटी आहे.
नुसती पोपटी नाही,
मंगल कार्यालयातल्या प्लास्टिकच्या पानांची पोपटी.
"म्हणून तर पडून," ताहेरभाई ओशाळले.
प्लग लावला. आवाज पूर्ण सोडला.
स्टेशनकडं फिरलो, पूर्वेकडं फिरलो,
ट्यूबखाली जाऊन उभा राहिलो.
काहीच नाही.
विचारून मागचं झाकण उघडलं.
आत तांब्याचा कागद, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत,
जूनमध्ये वहीला कव्हर घालावं तसा.
डागण्या स्वच्छ, थेंबभरही जास्त नाही.
दोन वेटोळी उलटसुलट,
एकीत शिरलेलं दुसरीनं खोडायचं.
रंग कुणी का दिला असेना,
वायरिंग करणाऱ्याचा हात मला ओळखीचा वाटला.
आमच्या खात्यात असा एकच होता, घाटूळ. रिटायर झाला.

साडेअकरा हजार. पट्टा फुकट.

रात्री जेवणं झाल्यावर
अँपचा लाल दिवा लावला. आवाज दहावर.
पंखा बंद केला. फ्रिजची पिन काढली.
आणि हात मांडीवर ठेवून बसलो.
संजीवनी दुधाचं पातेलं घेऊन दारात थांबली.
रंगावरून काहीतरी बोलणार होती, बोलली नाही.
"चालू आहे का ते?"
"चालू आहे."
"मग ऐकू येईना की काही."
"हां," मी म्हणालो. "बस."